फॉरमॅटच्या वरची ओळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी मामीचं नाव घेतो. आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून पुढं मी तालुक्याला मामाच्या घरी राहिलो. बारावी झाल्यावर मामा म्हणाले, "आता दुकानात बसू दे त्याला." मामी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दुकानात तुम्ही आहात की बसायला. तो इंजिनियर होईल." त्या घराला एकालाच कॉलेजात पाठवणं झेपणारं होतं. तिचा स्वतःचा मुलगा माझ्याहून लहान. तो पुढं आयटीआयला गेला. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, आणि या गोष्टीची मामीनं मला एका शब्दानंही कधी आठवण करून दिली नाही.

गुडगावला काचेच्या इमारती उठत होत्या त्या काळात मला मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. तिथं ब्रेकचे सिलिंडर बनत. त्यांचा आतला व्यास मोजून नोंदवणं हे माझं काम. नोकरीत कायम झाल्यावर मी साहेबांकडे मामेभावासाठी शब्द टाकला. "बुला लो," ते म्हणाले. मामीला शेजारच्यांच्या फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "स्वेटर विणायला घेते. तिकडं थंडी फार म्हणतात."

त्याच सुमारास मोजमापाच्या खोलीतला जुना संगणक बंद पडला. सगळी मापं मी एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ठेवत असे, म्हणून निश्चिंत होतो. नवा लॅपटॉप मिळाला, डिस्क जोडली, आणि काहीच दिसेना. ज्या कंपनीला आम्ही माल देत होतो तिचे ऑडिटवाले त्याच आठवड्यात यायचे होते. त्यांना दाखवायची मापं त्या डिस्कखेरीज कुठंच नव्हती.

संगणक विभागात माझ्याच वयाचा एक पुणेकर होता. कारखान्यात मराठी बोलायला मला तेवढाच. त्यानं डिस्क लावली आणि कानाशी धरली. "टकटक करतेय. गेली यार ही."

"तिच्या वायरीला दोन पाय आहेत. तू एकच लावलास."

दुसरा पाय विजेसाठी असतो. लॅपटॉपच्या एकाच खाचेतून मिळणारी वीज त्या डिस्कला पुरत नव्हती. दोन्ही पाय लावले तशी टकटक थांबली, पण पडद्यावर डिस्क आली नाहीच. ऑफिसातल्या आणखी दोन संगणकांवर लावून पाहिली. तिथंही तेच.

"फॉरमॅट मार," पुणेकर म्हणाला.

"आतलं सगळं पुसलं जाईल ना!"

"जाईलच. डिस्क तर वाचेल! तुमच्या तालुक्यात हे शिकवत नाहीत वाटतं?"

"आमच्या तालुक्यात वस्तू सापडली नाही तर शोधतात. घर पेटवून देत नाहीत."

तो हसला. "शोध मग. बिल्कुल शोध."

साहेबांना कळलं तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. ते उलट खूश दिसले. "अच्छा हुआ. अब बैठ के नई रीडिंग भर दे. तुझे तो पता है कितनी आती है."

"नापे बिना कैसे भरूँ, सर?"

"जैसे सब भरते हैं. और सुन, तेरे भाई की जॉइनिंग अगले महीने है ना?"

"मैं डिस्क खोलता हूँ, सर," एवढंच बोलून मी बाहेर पडलो.

जोडलेल्या सगळ्या डिस्का दाखवणारा एक पडदा संगणकात असतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो उघडला. माझी डिस्क तिथं धडधाकट होती आणि तिच्यापुढं 'एफ' हे अक्षर होतं. आमच्या ऑफिसात एफ म्हणजे सगळ्यांचा सामायिक सर्व्हर. लॅपटॉपनं माझ्या डिस्कला तेच अक्षर देऊन टाकलं होतं. एफ उघडलं की सर्व्हर उघडायचा आणि डिस्क त्याच्यामागं झाकलेली राहायची. जुना संगणक नेटवर्कला जोडलेलाच नव्हता, म्हणून तिथं हे कधी अडलं नाही. मी उजवं बटण दाबलं. यादीत फॉरमॅट होतं, आणि त्याच्या वरच्याच ओळीत अक्षर बदलण्याची सोय होती. मी 'एक्स' दिलं. डिस्क उघडली.

"च्यायला, एका अक्षराचा लोचा!" पुणेकर म्हणाला. मला मात्र हसू आलं नाही, कारण समोर एका लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या मालाच्या, मापांपुढं लाल खूण होती. त्या लॉटमधल्या सिलिंडरांचा व्यास मर्यादेबाहेर गेला होता आणि तो लॉट मी तेव्हाच अडवायला सांगितला होता. रवानगीच्या नोंदी पाहिल्या. लॉट गेलेला होता. साहेबांच्या सहीशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे. ते खूश का झाले होते, ते आता कळलं.

त्यांनी मला बोलावलं. "वो डिस्क तो मर गई थी ना? मरी रहने दे."

"ज़िंदा है, सर."

"भाई को बुलाना है कि नहीं?"

बोलावायचं होतं. त्याच्यासाठी नव्हे, मामीसाठी. पण ते सिलिंडर कुणाच्या तरी गाडीत बसणार होते, आणि त्या गाडीत कुणाचं तरी घर बसणार होतं. "ऑडिटवाले पूछेंगे तो दिखाऊँगा, सर," मी म्हणालो. त्यांनी विचारलं. मी दाखवलं. लॉट परत मागवला गेला, मामेभावाची जॉइनिंग रद्द झाली, आणि माझी बदली फरीदाबादच्या गोदामात झाली.

उपकाराखाली असलेल्या माणसानं मान खाली घालून राहावं, असं आमच्याकडं धरून चालतात. कारखान्यात आणि नात्यातही त्या दिवसांत मला हेच ऐकवलं गेलं. मी ते तेव्हा मानलं नाही, आजही मानत नाही. फरीदाबादला पोचल्यावर मी मामीला लिहिलं:

"मामी, पाया पडतो. हे शेजारच्यांच्या फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. त्याला गाडीत बसवू नकोस. त्याची नोकरी गेली आणि ती माझ्यामुळे गेली. साहेबांनी मला खोटी मापं लिहायला सांगितली, मी लिहिली नाहीत. ब्रेकचं काम होतं. लिहिली असती तर तो लवकरच मशीनवर उभा राहिला असता, हे मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक असावं, म्हणून आडपडदा ठेवत नाही. तू मला शिकवलंस आणि मी तुझ्याच लेकाच्या पोटावर पाय दिला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी क्षमा मागत नाही. पुन्हा तसंच विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणेन. त्याच्यासाठी दुसरीकडं शोधतो आहे, पण या साहेबांकडं पुन्हा शब्द टाकणार नाही. तू रागावली असशील तर रागाव. फक्त गप्प बसू नकोस. नवा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. शिव्या द्यायच्या असल्या तरी त्याच पत्त्यावर लिही."