अण्णानं वाचलेली बातमी

अण्णा गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं लंडनहून केला तेव्हा मी केजच्या बस स्टँडवर धारूरच्या गाडीची वाट बघत उभा होतो. ती म्हणाली, "काका, बाबा सकाळी गेले. झोपेतच." गाडी आली, भरली, निघून गेली. मी तिथंच बाकड्यावर बसलो. मला रडू आलं नाही. पहिल्यांदा डोक्यात आलं ते चेअरमनचं तोंड... भावाच्या मरणाच्या वेळी वैऱ्याची आठवण यावी, हे शोभत नाही. पण जे खरं ते लिहितोय.

मधुकर, म्हणजे आमचा अण्णा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचे वडील, दादा, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. शेतात औत हाकतानासुद्धा ते अण्णाकडून उर्दू शब्द घोकून घ्यायचे. 'ख' आणि 'ख़' यातला फरक कळेपर्यंत पोराला पाणी प्यायला सोडायचे नाहीत. त्या जिभेवर अण्णा हैदराबादेत शिकला, तिथल्या रेडिओवर लागला आणि पुढं एका परदेशी रेडिओच्या हिंदी विभागात बातम्या वाचायला विलायतेला गेला. दिवेलागणीनंतर आमच्या ओसरीवर निम्मं गाव जमायचं. अण्णाचा आवाज आला की माय पदर सावरून बसायची, जसा काही तो दारातूनच आत येतोय.

मोठ्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं खडी फोडायला गेली. मजुरांना वाटायचं धान्य तालुक्याच्या सहकारी संघाच्या गोदामात यायचं. मी त्या संघात कारकून होतो. ते धान्य ट्रकमधून संघाच्या चेअरमनच्या मळ्याकडं जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. सात मजुरांनी चौकशीत तशी साक्ष दिली. मी गप्प राहिलो, मला नोकरी होती. चौकशी रखडली, पुढं आणीबाणी आली आणि एका आठवड्यात ते सातही जण तुरुंगात गेले. त्यांच्या बायका आमच्या दारात येऊन बसल्या. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. अण्णाचा एक जुना मित्र मुंबईहून विलायतेला चालला होता, त्याच्या हाती मी चिठ्ठी दिली. तीन आठवड्यांनी ओसरीवर अण्णाच्या तोंडून केज तालुक्याचं नाव ऐकलं. सातही जणांची नावं त्यानं एकेक करून वाचली.

चौथ्या दिवशी चेअरमननं मला घरी बोलावलं. फौजदार शेजारी बसलेला होता.

"तुजा भाऊ लई बोलाय लागला बे," चेअरमन म्हणाला. "त्याला लिही. म्हणावं, ही बातमी खोटी हाय असं त्याच रेडिओवर सांग."

मी म्हणालो, "तो माझं ऐकायचा न्हाई."

"बापाचं ऐकंल की."

दुसऱ्या दिवशी दादांना शेतातून उचललं. सत्तरीचा माणूस, दम्यानं खोकणारा. पायात वहाणा घालू दिल्या नाहीत. मग मी चिठ्ठी लिहिली. चेअरमन सांगेल तशी, त्याच्याच टेबलावर. 'अण्णा, दादांचा जीव तुझ्या हातात आहे.' खाली सही केली. त्या सहीची लाज आजही वाटते.

पुढं काय झालं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. माझी चिठ्ठी घेऊन अण्णा आपल्या संपादकाकडं गेला. तेव्हा त्या रेडिओवर आपल्या सरकारचा दाब होता. वकिलातीतली माणसं येऊन बसायची, अमुक बातमी नको म्हणायची. दिल्लीतल्या वार्ताहराला देशाबाहेर काढलं होतं. वरचे काही साहेब कचरले होते, थोडे दिवस नमतं घेऊ म्हणत होते. तो संपादक मात्र म्हणाला, "बातमी खरी असेल तर मागं घेतली जाणार नाही. तुमच्या वडिलांच्या अटकेचीही खात्री झालीय, औरंगाबादच्या एका वकिलानं कळवलंय. ती आज जाईल. पण तुम्ही वाचू नका, दुसरा कुणी वाचेल."

अण्णा म्हणाला, "मीच वाचतो."

आणि त्यानं वाचली. आम्ही ऐकत होतो. दादांचं नाव, वय, गाव. आपला बाप आहे हे सांगितलं नाही, आवाजही हलला नाही. बातमी संपताच माय म्हणाली, "घसा बसलाय त्याचा. तिकडं थंडी लई आसंल."

दादा चौदा महिन्यांनी सुटले ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून. पाच महिन्यांत गेले. अण्णाचा पासपोर्ट अडकवून ठेवला होता, तो माती द्यायलाही पोचला नाही. मी मनात दोघांवर दात धरला. चेअरमनवर, आणि खरं सांगायचं तर अण्णावरही.

सरकार बदललं तसा चेअरमनही बदलला. नव्या पुढाऱ्यांना हार घालायला तोच सगळ्यांत आधी. अण्णा गावी आला तेव्हा त्यानंच संघाच्या आवारात सत्कार ठेवला, मुद्दाम बाजाराच्या दिवशी. मी अण्णाला म्हणालो, "तू गेलास तर माझं तोंड बघू नको." तो गेला. शाल घेतली, नारळ घेतला. मग माईकसमोर उभा राहिला, खिशातून एक कागद काढला.

"नमस्कार. आता केज तालुक्याच्या बातम्या."

तोच रेडिओवरचा संथ आवाज. धान्य कुठून कुठं गेलं. सात जणांना कुणाच्या सांगण्यावरून धरलं. सत्तर वर्षांच्या एका शेतकऱ्याला अनवाणी कुणी नेलं, कुणाच्या टेबलावर चिठ्ठी लिहून घेतली. प्रत्येक वाक्यात चेअरमनचं पूर्ण नाव, आदरानं, 'श्री.' लावून. सारा बाजार थांबून ऐकत होता. गर्दीतली एक बाई पुढं आली, त्या सातांपैकी एक जण पुढं वारला, त्याची विधवा. ती फक्त चेअरमनकडं बघत उभी राहिली. तो खाली बघत होता. शेवटी अण्णानं शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाला, "बातम्या संपल्या."

त्या साली चेअरमन संघाच्या निवडणुकीत पडला. माझ्या जिवाला गार वाटलं. पण पाच वर्षांनी तो परत निवडून आला, म्हातारा होऊन घरच्या गादीवर मेला. माझा तो गारवा काही टिकला नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी मी अण्णाला विचारलं होतं, "तू वाचलं नसतंस तर दादा वाचले असते का?"

"वाचले असते कदाचित," तो म्हणाला. "पण बाप धरला की बातमी थांबते, हे धरणाऱ्यांना कळलं असतं. मग त्यांनी किती बाप धरले असते, बापू?"

मी त्याला माफ केलं का? त्या दिवशी नाही. सावकाश, वर्षानुवर्षं... केलं.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीनं एक पाकीट पाठवलं. त्यात त्या दिवशीचा, दादांच्या बातमीचा कागद होता. टाइप केलेला, पिवळा पडलेला. श्वास कुठं घ्यायचा तिथं पेन्सिलीनं उभ्या रेघा मारायची त्याची सवय. सगळीकडं एकेक रेघ. दादांच्या नावाआधी चार. कागदाला तिथं भोक पडलंय.

संघाच्या सभागृहात चेअरमनचा हार घातलेला फोटो आहे. मी अजून संघाचा सभासद आहे. त्या कागदाची झेरॉक्स काढून मी फोटोखालच्या सूचना फलकावर लावली. शिपायानं काढली. मी परत लावली. तिसऱ्यांदा चेअरमनचा मुलगा स्वतः आला. तोही आता चेअरमनच आहे. म्हणाला, "काका, झालं गेलं गंगेला मिळालं. मेलेल्या माणसाशी कसलं वैर?"

"वैर न्हाई," मी म्हणालो. "बातमी हाय. खोटी आसंल तर सांग, काढतो."

कागद त्यानं काढून नेला. मी चौथी प्रत लावून खाली उतरलो. आता दर सोमवारी नवी प्रत घेऊन जातो.