दोन्ही लाइनी पूर्ण

काय काम करता, असं गिरजाबाईंना कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "बायांच्या खिशात हात घालते." मग समोरच्याचं तोंड बघून स्वतःच हसायच्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्या लेडीज गार्ड होत्या. गेटवर दोन लाइनी, एक जेंट्स आणि एक लेडीज. जेंट्सची झडती सिताराम उघड्यावर घ्यायचा, लेडीजची गिरजाबाई निळ्या पडद्याआड. आत जाताना तंबाखू, लायटर, मोबाइल शोधायचा आणि बाहेर येताना मॉलसाठी पॅक केलेली द्राक्षं. अकरा वर्षं त्यांनी हेच केलं.

मी नूरीन. तिथल्याच टाइम ऑफिसात क्लार्क होते. हजेरी, रजा, ओव्हरटाइम सगळं माझ्या टेबलावर. उलव्याहून दोन बस बदलून पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं. गिरजाबाई दिघ्याहून माझ्याआधी हजर असायच्या आणि मला बघून म्हणायच्या, "आल्या बघा बाईसाहेब, नाकावर राग घेऊन." मी त्यांना मावशी म्हणायचे. जालन्याकडच्या एका खेड्यातून त्या नवऱ्यासोबत इकडे आल्या होत्या. नवरा लवकर गेला. मग गार्डची वर्दी चढवली आणि त्या वर्दीवर दोन मुली वाढवल्या, उजवल्या. माणसाला दुखेल असं त्या बोलत नसत. मी बोलते, म्हणून मला त्यांचं जास्त कौतुक वाटायचं.

अशू आमच्याकडे आला तेव्हा कार्डावर नाव होतं अश्विन भगवान खिल्लारे, वय चोवीस, पुरुष. हिंगोलीकडचा. पॅकिंग हॉलमध्ये त्याच्यासारखा झपझप हात कुणाचा नव्हता. पहिला महिना तो सितारामच्या लाइनीतून आला. दुसऱ्या महिन्यात एका सोमवारी लेडीज लाइनीत उभा राहिला. कुडता, ओढणी, कानात बारीक रिंगा. पुढच्या-मागच्या बायका सरकल्या, कुजबुजल्या. एकीने तर मोठ्याने विचारलं, "ए, इकडे कुठे घुसतोस?"

गिरजाबाईंनी पडदा बाजूला केला, अशूकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "आज कोन हायेस, लेकरा?"

"आज तुमच्याकडे, मावशी."

"मग ये की. बाकीच्यांनी तोंडं मिटा. झडती माझ्या हाताला द्यायची हाय, तुमच्या न्हाई."

मामला तिथेच मिटला. पुढे दोन वर्षं असंच चाललं. आठवड्यातले काही दिवस तो सितारामकडून यायचा, काही दिवस ती मावशींकडून यायची. कधी सकाळचं दुपारी टिकायचं नाही. मग अशू माझ्याकडे रेकॉर्ड रूमची किल्ली मागायचा आणि आत जाऊन कपडे बदलायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "एक काय ते ठरव ना बाबा." अशू शांतपणे म्हणाला, "मॅडम, ठरवून होत असतं तर शाळेतच ठरवलं असतं. तेवढा मार खाल्लाय मी." मी किल्ली दिली. अशूबद्दल लिहिताना म्हणूनच मी कधी तो म्हणते, कधी ती. त्याला आणि तिला दोन्ही चालायचं.

माझी समजूत अशी होती की असं माणूस हजारात नाही, लाखात एखादं असेल आणि ते चुकून आमच्याच गेटवर आलं. एकदा जेवताना मी तसं बोलले. गिरजाबाई भाकरी मोडता मोडता थांबल्या.

"लाखात? नूरीन, माझ्या पडद्याआड रोज शंभरेक बाया येत्यात. कपडे झाकत्यात, पर हाताला समदं कळतं. एकीनं छाती क्रेप बँडेजनं आवळलेली असती. म्हनती, मावशी, गावात मला सगळे दादा म्हनायचे, मलाबी तेच बरं वाटायचं. दुसरी चार लेकरांची आई, आतून नवऱ्याचा बनियन. म्हनती, ह्यो अंगात असला की मी माझ्याजवळ असते. एकीच्या जन्माला डॉक्टरलाच कळंना काय लिहावं, त्यानं मुलगी लिहून दिलं. एक म्हनती, मी बाईबी न्हाई आन् बाप्याबी न्हाई, मला नुसतं नावानं हाक मार. आन् सितारामला विचार, गमबुटात पायाच्या नखांना लाल रंग लावून कितीजन येत्यात. शंभरात चार-पाच तरी धर तू."

"मग मला कसं कोणी दिसत नाही?"

"तू कार्डं बघतीस," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा रागच आला. घरी जाताना मात्र बसमध्ये आमची शरीफाखाला आठवली. जन्मभर भावाचे शर्ट घालून राहिली, लग्नाला उभी राहिली नाही आणि कुणी 'बाई' म्हटलं की उठून जायची. आम्ही तिला तऱ्हेवाईक म्हणायचो आणि मोकळे व्हायचो. ती वारली तेव्हा तिच्या पेटीत एकही ओढणी निघाली नव्हती. सव्वीस वर्षं मी तिला रोज पाहिलं होतं.

पुढे एका पावसाळ्यानंतर हे मॅनेजरांच्या कानावर गेलं. त्यांनी अशूला बोलावून सांगितलं, एक लाइन ठरव आणि लेखी दे, नाहीतर कामावर येऊ नकोस. अशू दोन दिवस जेवला नाही. काम सुटलं तर परत गावी जावं लागणार होतं, आणि गावी भावकीने त्याला एकदा झाडाला बांधलं होतं. शेवटी आम्ही तिघांनी मार्ग काढला. मावशी, सिताराम आणि मी. कागदावर अशू पुरुष राहील. गेटवर ज्या दिवशी जसं येईल तसं येऊ द्यायचं. रजिस्टरात काही लिहायचं नाही, तोंडातून काही काढायचं नाही. सिताराम माझ्यापेक्षा तिरसट माणूस, पण तोही म्हणाला, "आपल्या बापाचं काय जातंय?" आपण फार मोठं काम केलं असं मला वाटलं होतं. रात्री चांगली झोप लागली.

गेल्या फेब्रुवारीत एका बुधवारी दुपारी अमोनियाची गळती झाली. कोल्ड स्टोरेजचा गारवा त्या वायूवर चालतो. पाइपचा एक जोड फुटला आणि पाच मिनिटांत डोळे उघडेनात. सायरन वाजला, सगळे खोकत, धडपडत बाहेरच्या मैदानात आले. ड्रिलमध्ये शिकवल्याप्रमाणे दोन लाइनी लागल्या, जेंट्स आणि लेडीज. डोकी सितारामने आणि गिरजाबाईंनी मोजायची, माझ्याकडे आकडे द्यायचे आणि मी बेरीज करून पंचिंगच्या हजेरी यादीशी ताडून बघायची, असा नियम होता.

यादीत त्या दिवशी अशू धरून बहात्तर पुरुष आणि शहाण्णव बायका होत्या. एकूण एकशे अडुसष्ट.

सितारामने मोजले एकाहत्तर. पण जेवणाच्या सुट्टीत अशूला ओढणी घेऊन जाताना त्याने पाहिलं होतं, म्हणून कमी असलेला एक लेडीज लाइनीत असणार असं त्याने धरलं. तो ओरडला, "जेंट्स पूर्ण!" गिरजाबाईंनी मोजल्या शहाण्णव. सकाळी अशू पँट-शर्टात सितारामकडून आत गेलेला त्यांनी पाहिला होता. दुपारी कपडे बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या ओरडल्या, "लेडीज पूर्ण!"

दुपारी किल्ली मी दिली होती. मावशींना ते मी सांगायला हवं होतं. आणि बेरीजही मीच करायची होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मॅनेजर कानाशी ओरडत होते, "झालं ना? सगळे आहेत ना?" मी आकडे न विचारताच दोन्ही ठिकाणी टिक केलं आणि म्हटलं, "दोन्ही लाइनी पूर्ण, सर." त्यांनी अग्निशमनवाल्यांना सांगितलं की आत कुणी नाही. मग जवानांनी आधी व्हॉल्व्ह गाठला. माणूस शोधायला कुणी गेलं नाही.

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. गिरजाबाई बादलीत फडकी भिजवून सगळ्यांना तोंडावर धरायला देत होत्या. देत देत त्या जेंट्सच्या लाइनीत शेवटपर्यंत गेल्या. मग परत आल्या, पुन्हा गेल्या.

"सिताराम, लेकरू कुठंय?"

"तुझ्याकडं नाही का?"

मावशींच्या हातातून बादली पडली. त्या थेट दरवाजाकडे धावल्या. तीन जवानांनी मिळून त्यांना धरलं. साठीकडे झुकलेली ती बाई त्यांना चावली, ओरबाडलं तिने, आणि त्या सगळ्यात तिच्या तोंडी एकच होतं, "मोजायचं ऱ्हायलं, माझं मोजायचं ऱ्हायलं."

अशू क्रेटच्या गोदामात सापडली. शटर अर्धं उघडून तिथेच पडली होती. नारिंगी ओढणी तिने तोंडाला बांधलेली होती, पण कोरडी. श्वास चालू होता.

पुढचे तीन दिवस ती आयसीयूत होती. घशात नळी, डोळ्यांवर पट्ट्या. गिरजाबाई बाहेरच्या बाकावरून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आणि गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस तिथेच कागद घेऊन आले. कागदावर लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने आपली ओळख लपवली, वारंवार लाइन बदलली आणि त्यामुळे मोजणीत गोंधळ झाला. खाली गिरजाबाईंची सही हवी होती.

मावशींनी मला वाचायला लावला. मग म्हणाल्या, "लपवलं त्यानं न्हाई. रोज सकाळी सांगून आत जायचा. लपवलं आमी."

"बाई, सही केली तर तुमच्यावर काही येणार नाही," एजन्सीवाला म्हणाला.

"येऊ द्या की. माझ्यावरच यायला पायजे."

महिना संपायच्या आत त्यांची वर्दी जमा करून घेतली. आता तिथे दुसरी गार्ड आहे. माझी सही मात्र त्या कागदावर आहे. साक्षीदार म्हणून केली. घर चालवायचं आहे, एवढंच कारण.

चौथ्या दिवशी सकाळी अशू गेली.

आई काशीबाई हिंगोलीहून रात्रभराचा प्रवास करून आल्या, हाडकुळ्या, नऊवारीतल्या. शवागाराबाहेर सिमेंटच्या कट्ट्यावर गिरजाबाई आणि मी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. आतून वॉर्डबॉय कपडे मागायला आला. काशीबाईंनी पिशवीतून पांढरा सदरा-पायजमा काढला. गिरजाबाईंनी धुऊन घडी घातलेली ओढणी पुढे केली. मला वाटलं, आता ही बाई भांडेल. त्यांनी ओढणी हातात घेतली, कापडावरून बोटं फिरवली आणि सदऱ्यावर ठेवून दोन्ही आत पाठवलं.

"तुमाला ठावं व्हतं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"पाच वर्साचं व्हतं तवापासून. एक दिस माजं लुगडं नेसायचं, दुसऱ्या दिवशी पोरांत कुस्ती खेळायचं. माजा मामा तसाच व्हता. त्याच्या आधीबी व्हते म्हनत्यात घरात. आमाला काय नवं न्हवतं. पर गाव लहान वो. समद्यांचं ध्यान तिच्यावरच. कोन कवा मारंल सांगता येईना. म्हनून म्याच तिकीट काढून दिलं. म्हनलं, जा बाबा मुंबईकडं. तितं लई मानसं हायत. तुला कोनी मोजनार न्हाई."

गिरजाबाईंनी काशीबाईंचे पाय धरले. "मीच मोजलं न्हाई, ताई. माझ्या हातून ऱ्हायलं," त्या म्हणत राहिल्या. काशीबाईंनी त्यांना उठवलं नाही आणि ढकललंही नाही. समोरच्या दाराकडे बघत बसून राहिल्या.

मी तिथेच होते, हातभर अंतरावर. किल्ली कुणी दिली, निरोप कुणी द्यायचा राहिला, एकाहत्तर आणि शहाण्णव यांची बेरीज कुणी केली नाही, हे त्या आईला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी पाण्याची बाटली आणायला म्हणून उठले आणि गेटबाहेर जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स हिंगोलीला निघून गेली होती. गिरजाबाई कट्ट्यावर एकट्या होत्या आणि त्यांनी सगळा दोष आपल्या अंगावर घेतलेला होता. तो अजून त्यांच्याच अंगावर आहे.