शालूताई आणि न खाणारं अजगराचं पिल्लू

माझी बहीण साप चावून मेली नाही.

आमगावात अजूनही कोणी ना कोणी विचारतं, म्हणून आधी हेच लिहितो.
शालूताई कॅन्सरने गेली. आज वर्ष झालं.

ती चिचगडकडे फॉरेस्ट गार्ड होती. घरात साप निघाला की लोक तिलाच फोन करायचे. पण आज मला एका पिल्लाबद्दल सांगायचंय.

तलावाची पाळ दुरुस्त करताना जेसीबीने अजगराची अंडी उघडी पाडली. ताईने ती ऑफिसात आणून जपली. पिल्लं निघाली, जंगलात सोडली.

एक मागे राहिलं. अंड्यातून निघतानाच त्याला मुंग्या लागल्या होत्या. अंगभर जखमा.

जखमा भरल्या.
पण ते काही खाईना.

जनावरांचे डॉक्टर नळीने भरवायचे, म्हणून जगलं. पण असं पिल्लू जंगलात सोडणार कसं? तिथे कोण भरवणार?

ताई डॉक्टरांना म्हणाली, "सर, थोडे दिवस नळी बंद ठेवून पाहू का?"

"आणि मेलं तर?"

"तर माझ्या हातानं मेलं म्हणा."

मग ती मेलेला छोटा उंदीर कोमट पाण्यात गरम करायची, चिमट्यात धरून जिवंतासारखा हलवायची.
पिल्लू वेटोळ्यात डोकं खुपसून बसायचं. रोज अजून बारीक.

मी फोनवर म्हटलं, "ताई, कायले एवढा जीव जाळून राहिली?"

"त्याले भूक आहे बाबू. पण भेव लागून राहिलं. जो येते तो वाकून पाहते."

तिने पिल्लाच्या पेटीवर पोतं टाकलं. आत पालापाचोळा, छपराचं फुटकं कवेलू, लपायला.

त्याच दिवशी मोठे साहेब फॅमिली घेऊन अजगर बघायला आले. ताई दारात उभी राहिली.

"साहेब, आज नका पाहू. त्याला जेवायचं आहे."

साहेब हसले. पण परत गेले.

तिने उंदीर कवेलूपाशी ठेवला, पोत्याची एक कड वर ठेवून खोलीचं दार लोटलं आणि दाराच्या फटीतून बघत बसली.
बऱ्याच वेळाने जीभ बाहेर आली. मग डोकं.
मग एकदम झडप.

मी गोंदियाला माझ्या मोबाइलच्या दुकानात होतो, तेव्हा तिचा फोन आला.
"बाबू, खाल्लं त्यानं. कोणी नाही भरवलं."

कधी न रडणाऱ्या माझ्या बहिणीचा आवाज कापत होता.

समोर ग्राहक टेम्पर्ड ग्लास लावायला बसला होता. त्याला सांगितलं, "मेरी दीदी के साँप ने आज खुद खाना खाया." तो माझ्याकडे बघतच राहिला.

पुढे ते नियमित खाऊ लागलं, चांगलं जाडजूड झालं. सोडायला ताईने मलाही नेलं.
थैली उघडली. ते सरळ झाडाच्या मुळांत शिरलं, मागे वळूनही पाहिलं नाही.

"अस्संच पाहिजे," ताई म्हणाली.

येताना देवरीच्या स्टँडवर तिने पोटभर आलूबोंडे खाल्ले, माझ्या प्लेटमधलेही. युनिफॉर्मला माती, तोंडभर हसू.

पुढचं आजारपण मी लिहिणार नाही. तुम्हीही तिला त्या स्टँडवरचीच आठवा.

ताई, तुझा भाऊ म्हणून आजही ताठ मानेने फिरतो.
सुखात राहा.