पुसून सोडलेली जागा

टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर, पाच टेबलांच्या त्या कचेरीत, पन्नाशीच्या अक्काला सगळे ‘पुसणी अक्का’ म्हणत. तिथे दारांची इलेक्ट्रॉनिक कुलपं बनत, आणि कुलपाची गुप्त किल्ली म्हणजे एक सहाशे आकडी संख्या. ती सांभाळणारा प्रोग्रॅम अक्कानं चार वर्षं खपून एकहाती लिहिला होता. तिचा नियम एकच: मेमरीतली जागा वापरून झाली की तिथे शून्यं भरायची, मगच ती सोडायची.

“अक्का, ताट घासल्याशिवाय उठायचंच नाही, असं तुमचं!” शेजारचा डिझायनर चिडवायचा.

“तूही घासत जा. आईनं काही शिकवलंय की नाही?”

त्या दिवशी अकराला तपासनीस बाई येणार होत्या. कुलपाची मेमरी त्या खरवडून बघणार. किल्लीचा तुकडा जरी सापडला, तरी अक्काचा प्रोग्रॅम बाद आणि बाहेरचा तयार घ्यायचा, असं साहेबांनी बजावलं होतं.

दहाला अक्कानं स्वतःच मेमरी चाळून पाहिली. अर्धी किल्ली ढळढळीत समोर!

पुसलं तर होतं. मग ही आली कुठून? जरा शोधल्यावर तिनं कपाळावर हात मारला. किल्लीचा एकेक आकडा वाचताना संख्या वाढत जाते, जागा अपुरी पडते, मग प्रोग्रॅम तिला मोठ्या जागेत हलवतो. नवं घर अक्का लख्ख पुसायची. सोडलेल्या जुन्या घराकडे चार वर्षांत तिनं वळून पाहिलं नव्हतं.

“गप्प राहा,” तिनं दाखवताच साहेब कुजबुजले. “एवढ्या पसाऱ्यात त्यांना कुठली सापडतेय!”

“मला सापडली ना?”

बाई जिना चढून आल्या तशी अक्का पुढे झाली. “चूक माझी आहे. आत्ता तपासलंत तर नापास. तासभर द्याल?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “देते. पण चूक कुठे होती ते सांगा. सुरुवात तिथूनच करीन.”

जुनी जागाही सोडण्याआधी पुसणाऱ्या चार ओळी अक्कानं लिहिल्या. ‘जे परत वाचायचंच नाही ते पुसायचं कशाला’ म्हणून, प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर अशी ओळ गुपचूप गाळतो, हे तिला ठाऊक होतं. त्याला गाळता येणार नाही अशीच तिनं ती लिहिली.

बाई तीन वाजेपर्यंत उकरत राहिल्या. शेवटी त्यांनी सही केली. “कोणी लिहिलंय हे?”

“आमच्या टीमनं...” साहेबांनी घसा खाकरला.

“अक्कांनी,” डिझायनर म्हणाला. “एकट्यांनी.”

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. “काय गं, तपासणीत काय सापडलं?”

“काही नाही!” अक्का इतक्या मोठ्यानं म्हणाली, की खालच्या टायरवाल्यानं मान वर करून पाहिलं.