निखिल म्हणाला, पोट दुखून राहिलं

निखिलला विचारूनच हे लिहून राहिली आहे.

निखिल माझा धाकटा भाऊ. इकडे हिंदी मुलखात, कांचघर वस्तीत माझ्याकडेच राहतो, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला आहे. सीमेवर लढाई सुरू झाल्यापासून सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. आज सकाळी ड्यूटीला निघताना त्याला उलटी झाली अन् तो दारातच बसला.

"पोट दुखून राहिलं ताई. जाईन मी ड्यूटीला."

पण हात पोटावर नव्हता. नेमकं कुठं, असं मी पुन्हा विचारलं, तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "खाली. एका बाजूला. झोपेतून उठलो ते दुखण्यानंच."

ऑटोनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं अन् सोनोग्राफीसाठीही थांबले नाहीत. "दीदी, एक तरफ का अंडकोष घूमकर ऊपर चढ़ गया है. खून बंद है. देर हुई तो निकालना पड़ेगा."

ऑपरेशन होईपर्यंत मी बाहेर दारापाशी उभी होते.

वाचलं. काळंनिळं पडलं होतं, पीळ सोडल्यावर हळूहळू रंग परत आला म्हणे.

शुद्धीवर आल्यावर त्याला विचारलं, "काहून नाही सांगितलं लगेच?"

"तुला कसं सांगू, ताई?"

तेव्हापासून भीती जास्तच वाटून राहिली. तुमच्या घरचा मुलगा तुम्हाला सांगेल का?