डावी सीट

"तुम्ही काय घेतलंत?"

आमचा शेजारी कॅप्टन कुणाच्याही घरी जेवायला बसला की हे विचारल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. समोरचा म्हणाला वांगं, की हा बटाटा घ्यायचा. समोरचा म्हणाला दोन्ही, की हा आमटी-भातावर उठायचा.

मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. मग त्याच्या बायकोनं, वृंदानं, सांगितलं की तो विमानातला नियम आहे. दोन पायलट असतात, दोघांनी एकच जेवण जेवायचं नाही. अन्न बाधलं तर एकाला बाधावं, दुसऱ्यानं विमान खाली आणावं. कॅप्टनच्या अंगात हा नियम इतका भिनला होता की घरीसुद्धा नवरा-बायको एक भाजी खात नसत.

"दोघांना एकदम हगवण लागली तर पोरीला कोण बघणार?" तो विचारायचा.

"बाबा, मी सतरा वर्षांची आहे लाह," मुलगी इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणायची.

एकदा आम्ही सगळे गणपतीच्या जेवणाला एका गाडीतून गेलो. माझा मुलगा गाडी चालवणार होता. पंगतीत कॅप्टननं पाहिलं की माझ्या मुलानं श्रीखंड घेतलंय. यानं स्वतःची वाटी शेजारच्या पानात सरकवली. श्रीखंड त्याच्या जिवाचं. मी म्हटलं, "अरे, जमिनीवर आहेस, खा की." तर म्हणाला, "मावशी, गाडीही कुणीतरी घरी आणायला पाहिजे."

असा हा माणूस. तुमच्याही मजल्यावर एखादा असेल, जो कामाचं सगळं अंगावर घेऊन घरी येतो.

तो अकोल्याचा. इथे परदेशात, सेंगकांगला, आमच्या शेजारचा फ्लॅट त्यानं भाड्यानं घेतला, कारण सेलेटारचा लहान विमानतळ जवळ पडतो. तो पंख्याची विमानं चालवायचा. इथून मलेशिया, तिथून परत, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. मी म्हटलं, "बसच झाली की ही." तो म्हणाला, "बसच आहे. फक्त थांबा चुकवून चालत नाही."

विमानावर नाव एका मोठ्या कंपनीचं असायचं. पण कॅप्टन त्या कंपनीचा नव्हता. ते मला समजायला वेळ लागला. मोठी कंपनी तिकिटं विकते, रंग तिचा, नाव तिचं. विमान आणि माणसं मात्र एका लहान कंपनीची, ठरावीक वर्षांच्या कराराची. करार संपला की लहान कंपन्या पुन्हा भाव सांगतात, आणि जी सगळ्यात स्वस्तात उडवून देईल तिला काम.

"म्हणजे धुणंभांडीवालीसारखं?" मी विचारलं.

"तसंच. फक्त धुणंभांडीवाली स्वतःचा भाव स्वतः सांगते."

त्याचा एक मित्र होता, सेल्वम. इथलाच तमिळ माणूस, इथेच जन्मलेला. तोही कॅप्टन, पण दुसऱ्या लहान कंपनीत. दोघांची विमानं सेलेटारला शेजारी उभी राहायची, तिथली ओळख. रविवारी सुट्टी असली की सेल्वम यायचा, आणि दोघं माझ्याकडे थालीपीठ खायला बसायचे. सेल्वम मला आंटी म्हणायचा. तो बोलायचा इंग्रजी. मला बोललेलं इंग्रजी कळतं, बोलता येत नाही, म्हणून मी मराठीत उत्तर द्यायचे. आमचं व्यवस्थित चालायचं. वेगवेगळं खायचा नियम त्या टेबलावर मात्र चालत नसे. मी एकच पीठ भिजवायचे. कॅप्टन म्हणायचा, "सेल्वम, आज आपण दोघं उडत नाही, खा."

करार संपायच्या वर्षी दोन्ही कंपन्यांनी आपापल्या पायलटांना बोलावलं. दोन्हींचं बोलणं एकच. पगार कमी घ्या, सुट्ट्या कमी घ्या, तसं सही करून द्या, मग आम्हाला कमी भाव सांगता येईल आणि काम आपल्याकडे येईल.

त्या रविवारी दोघं माझ्या टेबलावर बसून हेच बोलत होते. सेल्वम म्हणाला, "तुझी माणसं तू सांभाळ, माझी मी सांभाळतो. कुणीच सही करायची नाही. मग दोन्ही कंपन्या आपल्या खिशातून कमी करतील, नाहीतर करणार नाहीत. आपल्या ताटातलं जाणार नाही."

कॅप्टननं हात पुढे केला. "माझ्याकडून एकही सही होणार नाही."

हात मिळवले. सेल्वम मला म्हणाला, "आंटी, तू साक्षीदार हां."

मी म्हटलं, "खा आधी, गार होतंय."

मग काय झालं ते वृंदानं मला सांगितलं. कंपनीच्या साहेबानं कॅप्टनला एकट्याला बोलावलं. म्हणाला, हाताखालची पोरं तुमचं ऐकतात, तुम्ही सही केलीत तर सगळे करतील. काम गेलं तर इथली शाखा बंद, आणि मग तुमच्या पासचं काय ते तुम्हाला माहीतच आहे. कॅप्टनचा पास, म्हणजे इथं राहायचा परवाना, नोकरीवर होता. नोकरी गेली की देश सोडायचा. मुलीची शेवटची मोठी परीक्षा पुढच्या वर्षी. त्या वयाची पोर मधेच उचलून अकोल्याला कुठल्या वर्गात घालणार?

आठवडा संपायच्या आत त्यानं सही केली. नुसती स्वतःची नाही. एकेका पोराला फोन करून, घरी जाऊन, समजावून सगळ्यांच्या करून घेतल्या. एकाची बायको बाळंतपणाला आलेली होती, त्यालाही सोडलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी तो माझ्याकडे आला आणि स्वयंपाकघरात आतल्या बाजूला स्टुलावर बसला. कधी तिथं बसत नसे. थोड्या वेळानं बाहेर शेजारच्या दाराची बेल वाजली. वृंदा मुलीला घेऊन बाहेर गेली होती. बेल पुन्हा वाजली. कॅप्टननं मला हातानं खूण केली, गप्प राहा म्हणून.

"सेल्वम आहे ना?" मी विचारलं.

"मावशी, हळू बोला."

"दार उघड त्याला."

"नाही जमणार."

मग माझीच बेल वाजली. मी दार उघडलं. सेल्वम उभा होता. "कॅप्टन घरी नाही, आंटी?"

मी कुणासाठी खोटं बोलत नाही. म्हटलं, "आत बसलाय."

सेल्वम आत आला. कॅप्टन स्टुलावरून उठला नाही. सेल्वमनं विचारलं, "केलीस?"

"केली."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

सेल्वम टेबलापाशी बसला. मला वाटलं आता भांडण होणार. पण तो म्हणाला, "आंटी, आहे का?" मी दोन थालीपिठं लावली. त्यानं दोन्ही खाल्ली, ताक प्यायलं, ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं. कॅप्टन भिंतीकडे बघत होता. जाताना सेल्वम दारात चप्पल घालताना म्हणाला, "किती खाली गेलास तेवढं तरी सांगायचं होतंस. मीही तेवढा आलो असतो."

तो गेल्यावर कॅप्टन म्हणाला, "त्याचं घर इथलं आहे, मावशी. त्याला कुणी देशाबाहेर काढणार नाही."

मी म्हटलं, "ते हात मिळवताना माहीत नव्हतं का तुला?"



काम कॅप्टनच्या कंपनीला मिळालं. सेल्वमच्या कंपनीनं सेलेटारचं दुकान आवरलं. सेल्वम काही महिने भाड्याची गाडी चालवत होता. मला एकदा बाजारात भेटला, पिशव्या उचलून गाडीत घातल्या, घरापर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत. कॅप्टनचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही.

पुढे कॅप्टनच्या कंपनीला काम वाढलं, पायलट कमी पडले. तेव्हा सेल्वमनं तिथं अर्ज केला. आता इथं या लोकांचा एक नियम समजून घ्या. दुसरीकडे कितीही वर्षं कॅप्टन असलात, नव्या कंपनीत गेलात की रांगेत शेवटी. सेल्वमला को-पायलट म्हणून घेतलं. कॅप्टन डावीकडे बसतो, को-पायलट उजवीकडे. केस पांढरे झालेला सेल्वम उजव्या सीटवर बसला. आणि पगार किती, तर ज्या आकड्यावर आमच्या कॅप्टननं सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या, त्यातला नवख्याचा.

कंपनी लहान, पायलट मोजके. दोघांची एका विमानात ड्युटी लागायचीच.

"काय बोलता रे तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"नियमात जे बोलायचं असतं ते सगळं. मी विचारतो, तो उत्तर देतो. तो विचारतो, मी उत्तर देतो. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही."

"आणि जेवताना?"

कॅप्टन जरा हसला. "तो विचारतो, कॅप्टन, तुम्ही काय खाणार? मी म्हणतो, दहीभात. तो म्हणतो, मग मी चिकन राइस. मग दोघंही खिडकीतून बाहेर बघत खातो."

"नाव घेत नाही तुझं?"

"कॅप्टन म्हणतो. पूर्वी शिव्या द्यायचा."

मला वाटतं त्या वर्षात तो खचला. कामात नाही. कामात तो चोख होता, विमान त्यानं कधी आपटलं नसेल. पण घरी जेवायला बसला की समोरच्याला काही विचारेनासा झाला. पुढ्यात येईल ते खायचा. वृंदा म्हणाली, "मावशी, मला वाटलं होतं ही सवय गेली की मी पेढे वाटीन." तिनं वाटले नाहीत.

मुलीची परीक्षा झाली. ती पुण्याला कॉलेजात गेली. आणि करार पुन्हा संपत आला.

साहेबानं पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. आणखी एक कंपनी मैदानात आलीय, आणखी खाली यावं लागेल, तुम्ही सांगितलंत तर सगळे ऐकतील.

या वेळी कॅप्टन नाही म्हणाला. मला येऊन सांगितलं. चेहरा बरा दिसत होता, बऱ्याच दिवसांनी. "मावशी, खाली येणं हेच आमचं काम. पण उतरताना जमीन दिसते. इथे जमीनच दिसत नाही. गेल्या वेळी खाली आलो, आता आणखी, पुढच्या वेळी आणखी. मी नाही करत."

"उशीर झाला," मी म्हटलं.

"झाला. पण सेल्वमला सांगतो. तो आणि मी उभे राहिलो तर बाकीचे राहतील."

दुसऱ्या दिवशी दोघांची ड्युटी एकत्र होती. शेवटची फेरी झाल्यावर विमानतळाच्या पार्किंगमध्ये कॅप्टननं त्याला गाठलं. काय झालं ते त्यानंच मला सांगितलं, माझ्या दारात उभं राहून, आत न येता. हा म्हणाला, "या वेळी मी सही करणार नाही. तू माझ्याबरोबर राहा." सेल्वम गाडीचं दार उघडत होता. म्हणाला, "मी केली, कॅप्टन. सकाळीच. सही फोनवरच होते आता."

"थांबायचं होतंस."

"कुणासाठी?" सेल्वम म्हणाला, आणि गाडीत बसला.

बाकीच्यांनीही फोनवरच केल्या. पोरांना समजवायला या वेळी कुणाची गरज पडली नाही. काम कंपनीकडेच राहिलं. सही न करणारा एकटा कॅप्टन. त्याला नेमणुकीचं नवं पत्र मिळालं नाही, पास संपला, महिन्याच्या आत फ्लॅट रिकामा करायचा होता.

सामान बांधताना वृंदा मला तिची कढई देऊ लागली. मी म्हटलं, ने, तिकडेही स्वयंपाक करावाच लागेल. कॅप्टननं बायकोला इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सामानाजवळ उभं केलं आणि मला भेटायला वर आला. नमस्कार केला. मी त्याला विचारलं, "आता का नाही म्हणालास? पोरगी शिकून गेली म्हणून?"

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच जमलं." एवढं खरं बोलून तो गेला. मला त्याच्याबद्दल जे काही बरं वाटतं ते या एका वाक्यामुळे.

त्या वयात त्याला कुणी पुन्हा विमान दिलं नाही. अकोल्याहून तो नागपूरला गेला, पायलट व्हायला निघालेल्या पोरांच्या क्लासमध्ये शिकवायला लागला. फळ्यावर विमान काढतो म्हणाला. मधूनमधून फोन करायचा. आधी माझे गुडघे विचारायचा. मग घसा खाकरून विचारायचा, "सेल्वमला डावी सीट मिळाली का?"

सेल्वम माझ्याकडे अजून येतो कधी रविवारी, म्हणून मला माहीत असायचं. मी सांगायचे, "नाही. तुझी रिकामी झाली ती त्या बाळंतपणवाल्या पोराला मिळाली. सेल्वम रांगेत शेवटी आहे."

"हं. रांगेप्रमाणेच जाते," तो म्हणायचा. जसं काही मलाच नियम शिकवत होता.

शेवटचा फोन आला तेव्हाही त्यानं हेच विचारलं. मी त्याला सांगितलं की सेल्वमनं नोकरी सोडली. डोळ्यांच्या तपासणीत काही निघालं नाही, कुणी काढलं नाही, सोडली. पूर्णवेळ भाड्याची गाडी चालवतो. म्हणाला, आंटी, इथे बाजूला कुणी बसत नाही, मला बरं पडतं.

पलीकडे त्यानं घसा खाकरला. 

"मावशी, त्याला माझा एक निरोप द्याल?"

"सांग."

 त्याच्या मागे क्लासमधली पोरं काही विचारत होती, सर, सर म्हणून.

"राहू द्या," तो म्हणाला.

त्यानंतर त्याचा फोन नाही. सेल्वम येतो, खातो, जातो. निरोप आहे का, हे तो विचारत नाही, आणि माझ्याकडे द्यायला काही नाही.