आवडीहून आलेला अमेरिकन फोन

फोन चालू होत होता, वायफाय पकडत होता, फोटोही झकास काढत होता. फक्त फोन लागत नव्हता. मी आमचं टेस्टिंगचं सिम त्यात घातलं आणि स्क्रीनवर अक्षरं आली, ‘सिम नॉट सपोर्टेड’.

“गेलं का?” काउंटरपलीकडच्या बाईंनी तमिळमध्ये विचारलं.

“गेलेलं काही नाही. लॉक आहे,” मी म्हटलं आणि स्वतःशीच मराठीत पुटपुटले, “आता हा कुणी आणून गळ्यात मारलाय, देव जाणे.”

“माझे लेकीनें धाडला,” बाईंच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले. “अमेरिकेंतून.”

मी चपापलेच. मी मूळची कराडची. गेली काही वर्षं चेन्नईत, तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत मोबाइल सर्व्हिस सेंटरमध्ये सीनियर टेक्निशियन आहे. इथे मराठीत कुरकुर केली तर कुणाला कळत नाही, या भरवशावर मी दिवसभर मनसोक्त कुरकुरते. आणि या माणसाने तर, नंतर कळलं, माझे ओठ वाचून उत्तर दिलं होतं.

गोविंदराव आणि अंबुजाबाई. तंजावरचं मराठी घराणं, नोकरीमुळे चेन्नईजवळच्या आवडी गावाला आलेलं आणि रिटायर झाल्यावर तिथेच राहिलेलं. घरात भाषा मराठी, पण ‘धाडला’, ‘जाहलें’ अशी, आणि दर दोन वाक्यांमागे एखादा ‘अय्यो’ नाहीतर ‘सेरी’, म्हणजे ‘बरं’. ऐकायला इतकं गोड की पहिली पाच मिनिटं मी फोन हातात धरून नुसती गप्पाच मारत होते. आमचे बॉस सेल्वम सर आतून खाकरले, तेव्हा भानावर आले.

लॉक म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेत बरेच फोन तिथली मोबाइल कंपनी हप्त्यांवर देते आणि बदल्यात त्यांना कुलूप घालते. कुलूप असं की त्यात फक्त त्याच कंपनीचं सिम चालतं. आपलं इथलं सिम घातलं की फोन ओळखच दाखवत नाही. किल्ली आमच्यासारख्या दुकानात नसते, त्या कंपनीकडेच असते. आणि हप्ते फिटेपर्यंत कंपनी ती काही देत नाही.

“काकू, सरळ इथला एखादा फोन घ्या की,” मी म्हटलं. “कशाला एवढा खटाटोप?”

“मीही तेंच म्हणतें!” अंबुजाबाई उसळल्या. “पण ऐकतील तर ना!”

“ऐकूंच येत नाही, तर ऐकूं कसें?” गोविंदराव शांतपणे म्हणाले आणि मग कानाकडे बोट करून त्यांनी सगळं सांगितलं.

लेकीने फोनबरोबर कानांसाठी नवी मशिनं पाठवली होती. फोन आला की आवाज थेट कानात उतरतो, अशी. त्यांच्या जुन्या फोनशी ती जोडलीच जात नव्हती, या फोनशी लगेच जोडली गेली. समोर बसलेल्या माणसाचं त्यांना ओठ बघून कळायचं, पण फोनवर कितीतरी वर्षं नुसता खरखराट. आणि तंजावरला त्यांची थोरली बहीण होती, आक्का. नव्वदीला टेकलेली. तिची दृष्टी गेलेली, म्हणजे व्हिडिओ कॉलचा उपयोग नाही. घरात इंटरनेट नाही. बटणांचा एक साधा फोन, तोही पुतण्या कानाला लावून देणार.

म्हणजे तिला दिसत नाही आणि यांना ऐकू येत नाही. मधे अंबुजाबाई. आक्का बोलणार, या ऐकणार, मग नवऱ्याकडे तोंड करून सांगणार, त्यांचं उत्तर परत फोनमध्ये सांगणार.

“मी माणूस आहें की टेलिफोन एक्स्चेंज?” त्या म्हणाल्या. मला हसू फुटलं, पण गोविंदराव हसले नाहीत.

“आक्काला वाटतें, मी रागावलों आहें,” ते म्हणाले. “हल्लीं विसरते ती. कान गेले, हें सांगितलेलें राहत नाही. दर वेळीं अंबुजाला विचारते, अप्पा माझ्याशीं कां बोलत नाही? मी काय केलें?”

मी फोन उचलला आणि आत सेल्वम सरांकडे गेले.

“सर्व्हरवाल्याला दे,” ते फोनकडे न बघताच म्हणाले. “तासाभरात उघडून देईल.”

सर्व्हरवाले म्हणजे चोरवाटेने लॉक उघडून देणारे. कुणी सिमखाली पातळ चिप सरकवतो आणि फोनला फसवतो, कुणी कुठल्यातरी सॉफ्टवेअरने कुलूप झाकतो. काम होतं, खोटं नाही. पण पुढचं अपडेट आलं की बऱ्याचदा पहिले पाढे पंचावन्न, आणि कधीकधी फोन कायमचा बसतो.

“नाही देणार,” मी म्हटलं. “अपडेट आलं की हे लोक परत आवडीहून लोकल पकडून येतील. तेव्हा तुम्ही बसा काउंटरवर.”

“वैशाली मॅडम, हे सर्व्हिस सेंटर आहे, तुमचं सासर नाही.”

“सासर असतं तर केव्हाच ऐकलं असतं, सर.”

सर हसले. ते हसले की काम झालं, हे मला एव्हाना ठाऊक आहे.

मी सरळ गोविंदरावांच्या लेकीलाच व्हॉट्सॲपवर गाठलं. तिकडे सकाळ होत होती. बिचारी आधी घाबरली, वडिलांना काय झालं म्हणून. मग मी विचारलं, “फोनचे हप्ते फिटलेत का?”

“नाही हो. थोडे राहिलेत. त्याचा काय संबंध?”

सगळ्यांची हीच चूक होते. फोन माझा, मी बाबांना दिला, संपलं! पण कंपनीच्या लेखी तो अजून अर्धा त्यांचाच असतो. मी तिला समजावलं, राहिलेले हप्ते एकदम भर आणि तुझ्या खात्यातून अनलॉकची रिक्वेस्ट टाक. ज्याचं खातं त्यालाच ती टाकता येते, मला किंवा तुझ्या बाबांना नाही. सोबत फोनचा आयएमईआय नंबर दे. प्रत्येक फोनला असा एक वेगळा नंबर असतो, गाडीला चासी नंबर असतो तसा.

“आजच करते, ताई,” ती म्हणाली. तिच्या मराठीत अर्धं इंग्लिश होतं, पण ‘ताई’ मात्र खणखणीत होतं.

कंपनीने मंजुरीला चारदोन दिवस लागतील असं कळवलं. मी गोविंदरावांना सांगितलं, “मेसेज आला की आपलं सिम घाला, फोन बंद करून चालू करा. इथे यायचीही गरज नाही.” किती आत्मविश्वासाने सांगितलं मी!

मधे आयुधपूजा आली. आपल्याकडची खंडेनवमी. पण चेन्नईत तिचा थाट वेगळाच. रिक्षा, बस, शिलाई मशीन, ऑफिसातला कॉम्प्युटर, कुणाला म्हणून सोडत नाहीत. सगळ्यांना चंदनाचं गंध आणि वर कुंकवाचा टिळा. आमच्या सेंटरमध्येही मायक्रोस्कोप, सोल्डरिंग स्टेशन, स्क्रूड्रायव्हर मांडून पूजा झाली. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी उचलून काम सुरू करायचं.

सुट्टी संपवून आम्ही शटर उघडतोय, तर पायरीवर दोघं बसलेली. गोविंदरावांचा चेहरा उतरलेला.

“मेसेज आला. लेक म्हणाली, उघडलें. पण उघडलें नाही.”

मी फोन बघितला. ‘नो सिम’. त्यांचं सिम काढून आमचं घातलं. परत ‘नो सिम’. माझं डोकंच फिरलं. मग सेटिंगमध्ये गेले. तिथे ‘कॅरियर लॉक’ अशी एक ओळ असते. त्यापुढे लिहिलं होतं, ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’. म्हणजे कुलूप निघालेलं. आणि फरक लक्षात घ्या. आधी फोन म्हणत होता, हे सिम मला चालणार नाही. आता म्हणत होता, सिम कुठाय? त्याला सिम दिसतच नव्हतं.

सेल्वम सर मागे येऊन उभे. “बोर्ड गेला,” त्यांनी निकाल दिला. “एक्स्चेंजमध्ये दुसरा घ्यायला सांग.”

गोविंदरावांनी त्यांचे ओठ वाचले. फोन परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला. “कंपनीनें लेकीला फसविलें,” अंबुजाबाई चिडून म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे भरून आले होते.

“थांबा हो सगळे!” मी जरा जोरातच म्हटलं. “आधी बघू तर द्या.”

सिमचा ट्रे बाहेर काढला, फोन मायक्रोस्कोपखाली धरला. सिमच्या खाचेत आत बारीक सोनेरी पिना असतात, त्या सिमच्या सोनेरी बाजूला टेकतात आणि दोघांचं बोलणं होतं. त्या पिनांवर पिवळट, वाळलेला थर होता. गंज म्हणावा तर हिरवट असता. समुद्राची हवा म्हणावी, तर हे राहतात समुद्रापासून लांब, आवडीला. मी फोन नाकाशी नेला.

चंदन.

“काकू,” मी म्हटलं, “आयुधपूजेला फोन ठेवला होतात?”

“ठेवला की! नवा फोन, न ठेवून कसें?”

“गंध कुठे लावलंत?”

अंबुजाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोळपाट कशाला असतो विचारलं. “सिमला.”

“सिमला?”

“अगो, फोन म्हणजे नुसता डबा. बोलतें तें सिम. मग आयुध कोणतें? सिमच ना? सोन्याचे बाजूवर बरोबर एक बोट लावलें, आंत सरकविलें, आणि फोन देवीपुढें ठेवला.”

तर्कात खोट काढायची तरी कुठे? मोबाइलचं मर्म या बाईंना आमच्या निम्म्या स्टाफपेक्षा बरं कळलं होतं.

“सकाळीं मी धोतरानें पुसलें,” गोविंदराव अपराधी चेहऱ्याने म्हणाले. सिम पुसलं होतं, पण ओलं गंध रात्रभर आत बसून पिनांवर वाळलं होतं. सेल्वम सरांना मी तमिळमध्ये सांगितलं, तेव्हा ते टेबलाला धरून हसले, आणि मग म्हणाले, “पूजा आहे, नीट काढ. थुंकीबिंकी लावू नको.”

“मी कधी लावते?”

आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आमच्या धंद्यातलं गंगाजल. पटकन उडून जातं, मागे काही ठेवत नाही. मऊ ब्रश त्यात बुडवून एकेक पिन पुसली. पिना नाजूक असतात, जोर लावला तर वाकतात. तेवढा वेळ दोघं एकमेकांचा हात धरून बसली होती. सिमही स्वच्छ केलं, वाळू दिलं, घातलं, फोन चालू केला.

कोपऱ्यात एक दांडी आली. मग दुसरी. मग चारही.

“लावा,” मी म्हटलं. “इथूनच लावा.”

नंबर अंबुजाबाईंनी लावला आणि सवयीने फोन स्वतःच्या कानाकडे नेला. मी तो धरून खाली टेबलावर ठेवला. “आता तुम्ही नाही, काकू.”

आवाज फक्त गोविंदरावांच्या कानात होता. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. आधी ते दचकले. मग हात कानाकडे गेला. मग मान डोलायला लागली.

“आक्का,” ते म्हणाले. “हो. मीच. मीच गो, अप्पा. नाही, अंबुजा नाही, मी बोलतों आहें. नाही गो, रागावलों नाही. कधींच नव्हतों. कान गेले होते गो माझे, कान.”

अंबुजाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू? सेल्वम सर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन उलटा धरून तपासत होते.

आणि मग गोविंदराव एकदम खो खो हसत सुटले.

“काय म्हणते? काय म्हणते?” अंबुजाबाईंनी त्यांचा दंड हलवला. इतकी वर्षं त्या सांगायच्या, आज विचारायची पाळी त्यांची होती.

“विचारते,” गोविंदराव डोळे पुसत म्हणाले, “आज अंबुजेनें कसें काय तुला बोलूं दिलें?”

“अय्यो!” अंबुजाबाई कडाडल्या. “इतकीं वर्षें घसा कोणी फोडला मग?”

हे सगळं तिकडे आक्काला ऐकू गेलं असणार, कारण गोविंदराव परत हसायला लागले.

तेव्हापासून आयुधपूजेनंतर आठवडाभर ‘नो सिम’चा फोन आला की मी बोर्ड तपासत नाही. आधी वास घेते. सेल्वम सरांनी यंदा काउंटरवर तमिळमध्ये पाटीच लावली आहे, गंध पाठीवर लावा, पोटात नको.

यंदाच्या पूजेनंतर गोविंदराव-अंबुजाबाई पेढे घेऊन आली होती. फोनच्या पाठीवर गंधाचं ठसठशीत बोट होतं.

“आणि सिमला?” मी विचारलं.

“त्याला लांबूनच नमस्कार केला,” अंबुजाबाई म्हणाल्या. “बंद पडलें तर परत मलाच आक्काशीं फोनवर ओरडावें लागेल.”